बदलीचा अर्ज मागे घेतला आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मायना नीट घातलाय, बाबा, त्याचे मार्क कापू नका. पुढचं मात्र तुम्हाला आवडेलच असं नाही, म्हणून आधी दोघंही बसून घ्या. आई, तू चष्मा लावून स्वतः वाच. बाबांना वाचायला दिलंस तर मधल्या ओळी गाळतील.

बदलीचा अर्ज मी सोमवारी मागे घेतला.

फोनवर सांगणार होते. दोनदा लावलाही. पण बाबांचं ते खणखणीत "बोला!" ऐकलं की माझं अवसान गळतं आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते. जूनमध्ये बाबा पडले तेव्हा मीच म्हणाले होते की यंदा जवळच्या शाळेत येते, वीस मिनिटांवर, संध्याकाळी रोज घरी. आईने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय हे मला दादाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, पण कळलं. त्या रिकाम्या कप्प्याचा विचार मनात आला की रात्री कूस बदलत पडते. तेव्हा हे मी सहज ठरवलं असं कृपा करून समजू नका.

झालं असं. गेल्या वर्षी मी समुपदेशनाचा कोर्स केला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "गणिताची बाई ती, आता मुलांची रडगाणी ऐकणार?" तर हो, तेच करते. सकाळी नववी-दहावीचं गणित, आणि मधल्या सुट्टीपासून पुढे प्रयोगशाळेशेजारच्या लहान खोलीत बसते. आधी तिथे गुंडाळलेले नकाशे आणि मोडकी बाकं होती. आता दोन खुर्च्या आहेत, एक टेबल आहे, आणि दाराला तुझी ती निळी चादर पडदा म्हणून लावलीय. (फाटली नव्हती, मला माहीत आहे. पण रंग छान आहे.) समुपदेशनासाठी म्हणून त्या खोलीत कुणी येत नाही. "बाई, खडू आहे का?" म्हणून येतात. खडू घेतात आणि जात नाहीत.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने १० ते १९ वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजाराचा काही ना काही त्रास असतो. माझ्या नववीच्या तुकडीत ४२ मुलं. सरासरी काही प्रत्येक वर्गाला तंतोतंत लागू होत नाही, हे तुम्ही मला शिकवायला नको. तरी हजेरी घेताना मनात येतंच, ४२ भागिले ७. "हजर" म्हणणाऱ्या आवाजांतले ते सहा कुठले? दंगा करणारे असतीलच असं नाही. पुष्कळदा पहिल्या बाकावरचेच निघतात.

एका मुलीचं सांगते, नाव लिहीत नाही. चाचणीत गणितात १०० पैकी ९७. पेपर वाटले, सगळ्यांनी एकमेकांचे बघितले, हिचा कुणालाच दिसला नाही. दुसऱ्या दिवशी खडू मागायला आली आणि हातातली कंपासपेटी टेबलावर उघडून बसली. कर्कटकाच्या खाली ती उत्तरपत्रिका होती. इतक्या घड्या घातलेली की काड्यापेटीएवढी झाली होती. उलगडली तर घड्यांवर कागद विरला होता. मी म्हटलं, "अगं, सत्त्याण्णव आहेत." ती म्हणाली, "घरी तीन कुठे गेले विचारतील."

मी बाईपणाचं काहीतरी बोलले. धड आठवतही नाही काय ते. माझं लक्ष त्या कंपासपेटीकडेच होतं.

आई, दादाच्या कंपासमध्येही असा एक कागद होता. ते त्याच्या दहावीच्या त्या मार्चच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. मी सातवीत होते, रबर शोधायला उघडली होती. कागद बघितला, होता तसा ठेवला आणि झाकण लावलं. तुम्हाला सांगितलं नाही. दादालाही विचारलं नाही. इतकी वर्षं मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. आता लिहून टाकते. त्यावर तुम्ही दोघांनी काही बोलायचं नाही. आपल्या घरात त्या वर्षाबद्दल जो तो स्वतःलाच दोष देत बसतो, म्हणून मुद्दाम सांगते, त्यात माझाही वाटा होता. बाबा, सगळा तुम्ही उचलायची गरज नाही.

आणि खरं सांगू, तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं? तुम्ही म्हणायचात ना, "दादा हुशार, ताई कष्टाळू." मला किती राग यायचा! कष्टाळू म्हणजे बैल, असं मी आईजवळ रडून सांगितलं होतं आणि तू हसत सुटली होतीस. कोर्समध्ये एक प्रयोग शिकलो. म्युलर आणि ड्वेक या दोघींनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हणाल्या, किती हुशार आहेस. काहींना म्हणाल्या, किती मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. तिथे अडखळल्यावर "हुशार" मुलं लवकर हिरमुसली. आणि आपले मार्क दुसऱ्यांना कळवायचे म्हटल्यावर त्यांच्यातल्या जवळजवळ ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले! मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी फारच थोडी होती. म्हणजे चांगलं विशेषण माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी त्यावरून जेवण सोडलं होतं. पण बाबा, हा अभ्यास छापून आला १९९८ साली. दादाची दहावी १९९४ ची. तुम्हाला कळणार होतं कुठून? तुम्ही प्रेमानेच म्हणत होतात. मीही अजून वर्गात दिवसातून दोनदा "वा, हुशार!" म्हणून जाते आणि मग जीभ चावते.

एका बाबतीत मात्र तुम्ही शास्त्रज्ञांच्या पुढे होतात, हेही ऐका. "पुस्तक मीट आणि सांग." किती छळलंत आम्हाला! २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजातल्या मुलांवर नेमकं हेच करून पाहिलं. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला. काहींनी थोडंच वाचून पुढचा वेळ न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. मी हे फळ्यावर लिहिलं आणि मुलांना सांगितलं की माझे वडील हे त्याच्या कितीतरी आधीपासून करायचे. आता नववीत "बाबांची पद्धत" म्हणूनच ते चालतं. तास संपायच्या आधी सात मिनिटं पुस्तक मिटायचं, वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहायचं, मार्क नाहीत. मार्क नाहीत म्हटल्यावर पहिले दोन आठवडे कुणी लिहीतच नव्हतं, तो भाग वेगळा.

मी का राहतेय हे पटवून देता देता माझीच दमछाक व्हायला लागलीय. तरी अजून एक. शेवटच्या बाकावर एक मुलगा पहिल्या तासाला रोज झोपायचा. मी त्याला तीनदा उभं केलं. तिसऱ्यांदा तो उभ्याउभ्याच डुलकी घेत होता आणि वर्ग हसला. मीही हसले. नंतर वाचलं की या वयात शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, आणि झोप तर आठ ते दहा तास लागते. मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. आमची भरते सातला. शाळेची वेळ बदलणं माझ्या हातात नाही, पण गणिताचा तास पहिल्याचा तिसरा करून घेतला. मुख्याध्यापिकांनी एका सत्रापुरती परवानगी दिली, कपाळाला आठ्या घालूनच. त्या मुलाचं गणित अजूनही यथातथाच आहे. पण आता चुकतो तो जागेपणी चुकतो. परवा रिलेमध्ये बॅटन पडली तर तोच मागे पळत जाऊन उचलून आला. आमची तुकडी शेवटी आली आणि ओरडा सगळ्यांत जास्त आमचाच होता.

हे सगळं पुढच्या मार्चपर्यंत धड रुजणार नाही. मी आत्ता उठून आले तर त्या खोलीत पुन्हा नकाशे जातील. सत्त्याण्णववाली दहावीत जाईल तेव्हा मला तिथे असायचंय. एवढंच आहे, बाकीचं वर जे लिहिलंय ते मी स्वतःलाच समजावत होते. आणि हे कायमचं नाही. दोन वर्षं. दोन म्हणजे दोनच, बाबा, गणिताच्या बाईचे दोन.

माझी काळजी करू नका. खोली कोरडी आहे, खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या, गरम पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. जेवण वेळेवर होतं. रात्री नऊनंतर वह्या तपासत नाही. (साडेनऊ.) अंगावर घ्यायला तू दिलेलंच पांघरूण आहे, आणि अजूनही झोपताना त्याचा कोपरा मुठीत लागतो. कुणाला सांगू नकोस. शाळेत मला घाबरतात.

आता तुमचं. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी येणार, शुक्रवारी रात्रीच निघून. त्यात बदल नाही. "कशाला दगदग करतेस" हे वाक्य दोघांनाही बंद. बाबा, प्रेशरची गोळी सकाळी, रोज, एकाच वेळी. बरं वाटतंय म्हणून परस्पर सोडायची नाही. मागच्या वेळी पाकिटात चार जास्त होत्या, मी मोजल्या होत्या. रात्री बाथरूमला जाताना आधी दिवा, मग पाय खाली. आई, गुडघ्याचे व्यायाम मैत्रिणीला शिकवून होत नाहीत, स्वतः करावे लागतात. डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात, तारीख मी घेतलीय, दादा गाडी घेऊन येईल. तो स्वतःच म्हणाला, मी सांगितलेलं नाही. आणि येईल तेव्हा त्याला नोकरीचं विचारू नका. नुसतं बसू दे. तो आला की बाबा पेपर उघडून बसतात आणि मग दोघंही पेपरमागून बोलतात. पेपर आधीच वाचून ठेवा.

राग आला असेल तर या शनिवारी समोर बसून रागवा. मी ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. बहुतेक.

कपाटातला तो कप्पा रिकामाच ठेव, आई. दोन दिवसांचे कपडे तिथे कायमचे ठेवून देईन, म्हणजे येताना पिशवी नको.

तुमची,
कष्टाळू

ता. क. बाथरूममधला धरायचा दांडा घरात येऊन पडलाय आणि माणूस रविवारी येतो म्हणालाय. माझी वाट बघू नका, बसवून घ्या. आणि हे वाचून कुणीही स्टुलावर चढून माळ्यावर दादाची कंपास शोधायला जायचं नाही. ती कुठे आहे मला माहीत आहे. मी आले की काढीन.