विषय: नसलेल्या ऑइल सीलचे पैसे लावल्याबद्दल आणि गळती तशीच राहिल्याबद्दल तक्रार

नमस्कार,

माझी एमजीए १५०० गाडी मार्चमध्ये तुमच्या वर्कशॉपला दिली होती, काम एकच सांगितलं होतं, खालून तेल गळतंय ते थांबवा. अकरा दिवसांनी गाडी परत मिळाली, बिल ४१,३०० चं. घरी आणून लावली, सकाळी खाली पुठ्ठा बघितला तर डाग आधीपेक्षा मोठा. सोसायटीत आधीच माझ्या पार्किंगच्या फरशीवरून शेजाऱ्यांची बोलणी खातोय त्यात हे. तुमच्याकडे तीनदा फोन केला, दरवेळी "सर जुन्या ब्रिटिश गाड्या गळणारच, तेल संपलं की समजा काळजीचं" हा जोक ऐकवला. पहिल्यांदा हसलो पण.

आता मुद्द्याचं. तुमच्या बिलात "रिअर मेन ऑइल सील बदलले, १ नग, ३,८००" आणि त्यासाठी "इंजिन उतरवणे व चढवणे, मजुरी १८,०००" असं लिहिलंय, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं सील. मी जुने पार्ट मागतो, सवय आहे, तेव्हा तुमच्या माणसाने एक काळं रबरी सील प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं.

तुम्ही टोलवाटोलवी करायला लागल्यावर मी गाडी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेली. त्यांनी एमजी आयुष्यात दोनच बघितल्यात पण चाळीस वर्षं अँबेसडर टॅक्स्या केल्यात. आता तुम्ही व्हिंटेजवाले म्हणवता म्हणजे माहीत असायला हवं की एमजीए १५०० चं इंजिन हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज १४८९ सीसी, आणि तेच १४८९ सीसी आपल्या अँबेसडरला कित्येक वर्षं होतं, ट्यूनिंग वेगळं आणि इथे दोन एसयू कार्ब्युरेटर एवढाच काय तो थाट. उस्तादांनी ते सील हातात घेतलं, दोन बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "याला मागं सीलच नसतंय ओ. हे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं हाय."

आणि खरंच नसतं. तीन बेअरिंगच्या या क्रँकला (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) मागच्या टोकाला उलटे आटे कापलेले असतात, क्रँक फिरताना ते आटे तेल परत आत ओढतात, रबर बिबर काही नाही. म्हणून गाडी बंद केल्यावर दोनचार थेंब पडले तर ते चालायचंच, ते मी कधी तक्रारीत धरलेलंच नाही. नंतर बसवता येतील अशी सील किट मिळतात हे मला माहितेय, पण मग जुनं सील म्हणून मला काय दिलंत? आणि इंजिन माउंटिंगच्या नटांवर २०११ साली मारलेला रंग तसाच्या तसा आहे, एका नटाला पान्याचा ओरखडा नाही. इंजिन उतरवलं कसं, मंत्र म्हणून?

गळती कुठून होती ते उस्तादांनी अर्ध्या दिवसात शोधलं. इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, आणि डाव्या बाजूला, चेंबरच्या (इंजिनखालचं तेलाचं भांडं) कडेला, बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) सगळीकडे साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरली. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, एक चक्कर मारली, आणि टॉर्च मारला तर पांढऱ्यावर एकच काळी ओली रेघ, मागच्या साइड कव्हरच्या (इंजिनच्या बाजूला पुढे-मागे अशी दोन पत्र्याची झाकणं असतात) खालच्या कडेपासून निघून ब्लॉकवरून चेंबरच्या काठाने मागे गेलेली आणि बेल हाउसिंगखालच्या भोकातल्या कॉटर पिनवर येऊन थेंब धरलेली. खालून बघणाऱ्याला वाटणार मागचं गळतंय. पण मॅनिफोल्डच्या खाली हात घालून बघायचे कष्ट कोणी घेतले तर ना.

त्या कव्हरला मधे एकच बोल्ट असतो. तुमच्या मुलाने तो एवढा आवळलाय की पत्रा मधे दबून कडा उचलल्यात आणि कॉर्कचं पॅकिंग दोन तुकडे होऊन बाहेर आलंय. पुढच्या कव्हरला जो ब्रीदर पाइप खाली जातो त्यात कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, पार दगड झालेलं, आणि रॉकर कव्हरवरून एअर फिल्टरला जाणारी नळी आतून चिकटून बंद. म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर पडायला जागाच नाही, मग तो तेल ढकलणारच, मिळेल त्या फटीतून, त्या उलट्या आट्यांमधून पण. गळतीच्या गाडीत ब्रीदर आधी बघतात हे मला आता कळलं, तुम्हाला आधीच कळायला हवं होतं.

सगळ्यात राग मला सिलिकॉनचा आलाय. चेंबरच्या कडेने तुम्ही लाल सिलिकॉन केकवर आयसिंग करावं तसं फासलंय. बाहेर दिसतं तेवढंच आत पण दाबलं गेलंय. उस्तादांनी चेंबर खाली घेतला तर ऑइल पंपाच्या जाळीला लाल शेवयांसारखे तुकडे अडकलेले, मी स्वतः चिमट्याने सात काढले. अजून महिनाभर चालवली असती आणि जाळी तुंबली असती तर बेअरिंगं गेली असती, ते कोणाच्या बिलात टाकणार होतात?

पुढचं टायमिंग कव्हरचं सील मात्र तुम्ही खरंच बदललंय, ते कोरडं आहे, त्याचे पैसे मी मागत नाही.

बाकी सीलचे ३,८०० आणि मजुरीचे १८,००० असे २१,८०० आणि त्यावर लावलेला जीएसटी परत हवा. उस्तादांनी कव्हर ठोकून सरळ केलं, नवीन पॅकिंगं, चेंबर आणि ब्रीदर साफ, सगळं ४,६०० मध्ये, तेही तुम्हीच द्यायला हवेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, फोनवर जोक नकोत. नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, बिल, जाळीचे फोटो, नटांचे फोटो सगळं आहे.

ते सील पण पिशवीसकट माझ्याकडे आहे. ज्या गाडीतून काढलंत तिच्या मालकाला लागत असेल तर कळवा.

आपला,
एमजीएवाला ग्राहक
(जॉब कार्डची कॉपी सोबत जोडली आहे)