तारखा विचारणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात माझे यजमान ब्राझीलहून परतले आणि तिसऱ्याच दिवशी तापाने फणफणले. त्यांना घेऊन नौपाड्यातील आपल्या दवाखान्यात आलो, तेव्हा आमच्या मनात निदान ठरून गेलेले होते. घराजवळच्या एका प्रयोगशाळेने कार्डावरची झटपट चाचणी करून डेंग्यूची आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर शरीरात तयार होऊन दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, पॉझिटिव्ह असल्याचे सांगितले होते, सासूबाईंनी पपईची पाने आणवली होती आणि आता रोज प्लेटलेट मोजायच्या एवढेच उरले आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. आपण तो अहवाल वाचलात, बाजूला ठेवलात आणि एक कोरा कागद पुढे ओढून विचारलेत, "कोणत्या तारखेला कुठे होतात, ते आधी सांगा." त्या प्रश्नासाठी आपले आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण इतकेच, की परदेशातून ताप घेऊन परतलेला माणूस ठाण्यात केवळ आमच्याच घरी नसणार.

त्या कागदावर आपण एक आडवी रेघ मारलीत. पहिले ४ दिवस ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मनौस, पुढचे १२ दिवस समुद्रकाठचे रेसिफे, मग विमानप्रवास, मग ठाणे आणि शेवटी ताप. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूजन्य आजारांची लक्षणे डास चावल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसतात. ताप आला तेव्हा मनौस सोडून १६ दिवस झाले होते आणि ठाण्यात येऊन जेमतेम तीन, त्यामुळे संशय रेसिफेच्या डासावर जातो, हे आपण रेघेवर बोट ठेवून आम्हाला दाखवलेत. मलेरियाला मात्र हा हिशेब लागू नाही, तो कित्येक आठवड्यांनंतरही डोके वर काढतो आणि मनौसचा परिसर मलेरियाचा आहे, म्हणून विषाणूंचा विचार करण्याआधी त्याच संध्याकाळी रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतलीत. ती निगेटिव्ह आली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त मागवलेत. तेव्हा मला तो उगाच त्रास वाटला होता. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकारात एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो आणि पहिल्या काचेत परजीवी निसटू शकतो, हे समजल्यावर तसे वाटल्याचे मनाला लागून राहिले.

त्यानंतर आपण आणखी दोन गोष्टी विचारल्यात: पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का, आणि निघण्यापूर्वी कोणती लस घेतली होती. डेंग्यू २०१९ साली झाला होता. ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते म्हणून ती लस एप्रिलमध्ये घेतली होती. हे ऐकल्यावर झटपट चाचणीच्या कार्डावर उमटलेल्या पॉझिटिव्ह रेघेचे वजनच उतरले. डेंग्यू, झिका आणि पिवळा ताप हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने एकासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीतही चिकटतात. जुन्या डेंग्यूने किंवा महिन्यापूर्वीच्या लशीनेही तीच रेघ उमटू शकते. लशीचा प्रश्न आम्हाला आधी कोणीच विचारला नव्हता, आणि विचारला नसता तर आम्हीही तो आपणहून सांगितला नसता.

म्हणून आपण प्रतिपिंडांऐवजी प्रत्यक्ष विषाणूचा शोध घेतलात. ताप येऊन तीन दिवसच झाले होते. पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात असतो आणि पीसीआर या विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत सापडतो, तर आयजीएम ही ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतरच दिसू लागतात. डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली, तरी पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांमध्ये ती चुकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून तेवढ्यावर आपण थांबला नाहीत. नमुन्यासोबतच्या अर्जावर ताप सुरू झाल्याची तारीख, प्रवासाची ठिकाणे आणि लशीची तारीख आपण स्वतःच्या हाताने लिहिलीत. रक्तासोबत लघवीचाही नमुना पाठवलात, कारण झिकाचा विषाणू रक्तातून गेल्यानंतरही लघवीत काही दिवस अधिक सापडतो.

झिकाचा उल्लेख आपण किती जपून केलात, हे मी विसरणार नाही. मला पाचवा महिना होता. ब्राझीलमधील २०१५ च्या साथीत गर्भवतींना झालेल्या या संसर्गामुळे लहान डोक्याची बाळे जन्मली होती, हे मी वाचले होते आणि त्या रात्री माझा डोळा लागला नाही. आपण मला घाबरवले नाहीत, पण खोटा धीरही दिला नाहीत. हा विषाणू पुरुषाच्या वीर्यात दीर्घकाळ राहू शकतो, त्यामुळे अहवाल काहीही आला तरी बाळंतपण होईपर्यंत कोणती खबरदारी घ्यायची, हे आम्हा दोघांना समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितलेत. इतक्या नाजूक विषयावर डॉक्टरने इतके सरळ बोलावे, याची आम्हा दोघांनाही फार गरज होती.

अहवालात चिकुनगुनिया निघाला. डेंग्यू आणि झिका दोन्ही निगेटिव्ह होते. यजमानांना किल्लीसुद्धा फिरवता येत नव्हती, मनगटे आणि घोटे सुजून गेले होते. १९५२ साली आजच्या टांझानियात हा आजार प्रथम ओळखला गेला आणि त्याचे नाव तिथल्या माकोंडे भाषेतील वाकून जाणे या अर्थाच्या शब्दावरून पडले, असे आपण सांगितलेत, तेव्हा पलंगावरून उठताना दुमडलेली त्यांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आपण पॅरासिटामॉलखेरीज एकही वेदनाशामक घेऊ दिले नाहीत, कारण डेंग्यू असेल तर इतर वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यापूर्वी दोन दिवस ते औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी घेत होते.

सर्वांत मोलाचे सांगणे मच्छरदाणीचे होते. हे आजार पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, म्हणून पहिला आठवडाभर यजमानांनी दिवसाही मच्छरदाणीत राहावे, नाहीतर आमच्याच खिडकीतील कुंडीच्या ताटलीत वाढलेला डास त्यांना चावून मग मला चावेल, असे आपण बजावलेत. महापालिकेच्या आरोग्य विभागालाही आपणच कळवलेत. त्यांची माणसे येऊन इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि गच्चीवरची पिंपे तपासून गेली.

सप्टेंबरमध्ये आम्हाला मुलगी झाली. ती सुखरूप आहे. यजमानांची मनगटे अजूनही सकाळी आखडलेली असतात, तरी तिला न्हाऊ घालण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. आपण रेघ मारलेला तो कागद त्यांच्या अहवालांच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे. माझे दीर पुढच्या महिन्यात कामासाठी बँकॉकला जात आहेत, त्यांना तो दाखवून प्रवासाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या रुग्णाची पत्नी
पाचपाखाडी, ठाणे