ताई, प्लेट तिची झाली ती तुमच्यामुळे

ताई,
सप्रेम नमस्कार.

दातांच्या क्लिनिकच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव असतं. आभार मानायची वेळ आली की आपणही त्यांनाच हात जोडतो, आणि ते बरोबरच आहे. लेकीच्या जबड्याचं निदान त्यांचं, उपचाराची आखणीही त्यांचीच. पण दात-जबडा नीट करणारी, काढता-घालता येणारी प्लेट करून देणं वेगळं आणि ती पोरीच्या तोंडात टिकणं वेगळं. ते दुसरं काम डॉक्टरांच्या मदतनीस म्हणून तुम्ही केलंत, दातांच्या मापाचं मिश्रण कालवता कालवता आणि पुढच्या पेशंटचे कागद काढता काढता. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आजही कुठल्या तरी घरात एक मूल हातात नवीकोरी प्लेट घेऊन रडवेलं बसलं असेल आणि आईबाप एकमेकांची तोंडं बघत असतील. तुम्ही आम्हाला सांगितलेलं त्यांनाही आयतं मिळू दे.

आमच्या लेकीचे वरचे दात बरेच पुढे आणि खालचा जबडा मागे. डॉक्टरांनी ट्विन ब्लॉक करू या म्हटलं. वर एक, खाली एक अशा दोन प्लेटा आणि दोन्हींवर अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, तिरके ठोकळे. तोंड मिटलं की ते उतार एकमेकांवर टेकतात आणि खालचा जबडा पुढे आल्याशिवाय दात मिटतच नाहीत. विल्यम क्लार्क या स्कॉटिश दंतवैद्यांनी ही रचना १९७७ साली पहिल्यांदा वापरली. हाडं वाढत असतानाच ती चांगली लागू पडते, म्हणून वेळ घालवायचा नव्हता. हे सगळं आम्हाला पटलंही. मग ते दोन ठोकळे लेकीच्या तोंडात गेले, आणि आरशात बघून ती जे काही बोलली ते खोलीतल्या एकालाही कळलं नाही. हनुवटीवरून लाळ, डोळ्यांत पाणी.

तुम्ही तिच्या हातात रुमाल दिलात आणि म्हणालात, "तोंडाला वाटतंय काहीतरी खायला आलंय, म्हणून लाळ सुटतेय. थोड्या दिवसांत त्याला कळेल की हे खायचं नाही." ती रडता रडता हसली. बोलण्याचंही तसंच. जीभ टाळूला टेकायला जाते आणि तिथे प्लेट आडवी येते, म्हणून स, श, च, ट ही अक्षरं घसरतात. त्यावर उपाय एकच, बोलत राहायचं. रोज मोठ्याने वाचायचं. तुम्ही तिला 'चटईला टाचणी टोचली' म्हणायला लावलंत, आणि त्यातून जे बाहेर पडलं त्यावर तुम्ही दोघी इतक्या हसलात की डॉक्टरांनी आतून डोकावून पाहिलं. घरी आमचा तोच खेळ झाला. एका संध्याकाळी ते वाक्य तिच्या तोंडून धडधडीत सरळ आलं, आणि खरं सांगू का, मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

प्लेट काढायची कशी हे शिकवताना तुम्ही घाई केली नाहीत. लेकीचं बोट सरळ समोरच्या तारेत गेलं, कारण समोर दिसते तीच. तुम्ही तिचा हात धरून मागे नेलात. वरची प्लेट काढताना दोन्हीकडच्या दाढांवरच्या तारेच्या आकड्यांना नखं लावायची आणि दोन्ही बाजू एकदमच खाली ओढायच्या. खालची तशीच, पण वर. एकच बाजू ओढली किंवा समोरची तार ताणली की तार वाकते, प्लेट सैल होते आणि मग जिभेने ती वरखाली करायचा चाळा लागतो. घालताना बोटांनी दाबून बसवायची, चावून नाही, नाहीतर आकडे मोडतात. आधी आरशात बघून केलं, मग तुम्ही तिला आरशाकडे पाठ करायला सांगितलंत. शाळेत कुठे आरसा मिळणार होता? मी मदतीला पुढे झाले तर तुम्ही मला नजरेनेच बसवलंत.

पण हे पत्र लिहावंसं वाटलं ते तुमच्या एका प्रश्नासाठी.

काढता येणाऱ्या प्लेटची अडचण तिच्या नावातच आहे, ती काढता येते. चिकटवलेल्या तारांना मूल काय करणार? पण प्लेट डबीत गेली की गेली. त्यामुळे तपासणीला गेलं की "रोज घालतेस ना?" हे ठरलेलं आणि "हो" हेही ठरलेलं. घरी आम्हा पालकांचा जप वेगळाच, घातलीस का, घातलीस का, घातलीस का. तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. विचारायची तुम्हाला गरजही नव्हती, हे मला नंतर कळलं. प्लेट घालणाऱ्या मुलाच्या टाळूवर तिच्या कडेची पुसट रेघ दिसते, ठोकळ्यांची नवी चकाकी जाते, मूल प्लेट घालून स्वच्छ बोलतं आणि न बघता ती काढतं-घालतं. तुम्हाला ते पाहता क्षणी समजतं. तरी तुम्ही तिला पकडलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "कधी काढावीशी वाटते?"

तिने पटकन सांगितलं, डबा खाताना. मैत्रिणींसमोर ठोकळ्यांत अन्न अडकतं, म्हणून ती प्लेट कागदी रुमालात गुंडाळून बाकावर ठेवत होती. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं असं नाही, पण माझ्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर होतं. तुम्ही म्हणालात, प्लेट घालूनच जेवायचं आहे, जेवतानाही जबडा पुढेच राहायला हवा, पण घास लहान घ्यायला आधी घरी शीक, मग शाळेत. जेवण झालं की चूळ भरायची. कागदी रुमाल मात्र कायमचा बंद, कारण रुमालातली प्लेट शेवटी कचऱ्यात जाते. "तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही." डबीवर नाव तिनेच लिहिलं. त्या दिवसापासून माझा जप थांबला, कारण प्लेटचा हिशेब आता तिचा आणि तुमचा होता. (मला थोडं वाईट वाटलं. पण फार नाही.)

प्लेट इतके तास तोंडात ठेवायचा आग्रह कशासाठी हेही तुम्ही तिला समजावलंत, मोठ्या माणसाला सांगावं तसं. दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरत जातं आणि दात जिथून हलला तिथे नवं हाड भरतं. दाब सुटला की काम थांबतं, आणि दात आपल्या जुन्या जागेकडे ओढ घेतात. म्हणूनच बराच वेळ काढून ठेवलेली प्लेट पुन्हा घालताना घट्ट लागते. तेव्हा ती काढून ठेवायची नाही, उलट जास्त वेळ ठेवायची. अजिबातच बसत नसेल तर जोर न करता फोन करायचा. वरची प्लेट हळूहळू रुंद करणारा तिच्यातला स्क्रूही तुम्ही तिच्याच हाती सोपवलात. प्लेट तोंडाबाहेर काढून, बाणाच्या दिशेने चावी पार पलीकडच्या टोकापर्यंत न्यायची. अर्धवट सोडली तर पुढचं भोक दिसत नाही आणि पुढच्या वेळी चावी शिरत नाही. असा एक पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. ठरलेल्या दिवशी ती फेरा देते आणि कॅलेंडरवर खूण करते. कॅलेंडरला मी हात लावायचा नाही असा दंडक आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत आम्हाला ओळखीपाळखीतून एक सल्ला मिळाला होता, उकळत्या पाण्यात घाला, सगळे जंतू मरतील. घालण्याआधी तुम्हाला फोन केला हे बरं झालं. गरम पाण्याने प्लेट वाकडी होते, आणि तो वाकडेपणा डोळ्यांना दिसत नाही, दातांनाच कळतो. गार किंवा जेमतेम कोमट पाणी, मऊ ब्रश आणि थोडा साधा साबण, एवढं पुरतं. टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकवर बारीक ओरखडे उठतात आणि घाण तिथेच बसते. ब्लीच तारांना खातं. दातांसारखं प्लेटवरही किटण चढतं, म्हणून दात घासणं आणि प्लेट घासणं एकाच वेळी उरकायचं. धुताना बेसिनमध्ये आधी थोडं पाणी साठवून ठेवायचं. ओली प्लेट हातातून सटकतेच, मग ती पाण्यात पडते, फुटत नाही. ही शेवटची युक्ती आमच्या घरी किती वेळा कामाला आली ते विचारू नका.

मध्यंतरी हिरडीला एका जागी घासून जखम झाली होती. माझा हात कानशीकडे जायच्या बेतात होता. तुम्ही म्हणालात, घरी काही तासू नका, आणि दुखतंय म्हणून बरेच दिवस काढूनही ठेवू नका. तपासणीच्या आदल्या दिवशी जमेल तेवढी घालून या, म्हणजे नेमकं कुठे लागतंय ते डॉक्टरांना लाल खुणेवरून दिसेल. तसंच झालं. डॉक्टरांनी कड जराशी घासून दिली आणि प्रश्न मिटला.

तुमचा हात आमच्या घरात आणखी एका तोंडापर्यंत पोचलाय. माझ्या भावाने या वयात अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, लावलेत. त्याला ते दिवसाचे बावीस तास घालायला सांगितलेत, आणि तो दिवसभर चहाचा कप घेऊन हिंडणारा. लेकीनेच त्याला पढवलं: अलाइनर घालून फक्त साधं पाणी, गरम पेयाने ते वाकतात, गोड पेय आत साठून दात किडवतं, आणि नवा संच चढवला तरी आधीचा टाकून द्यायचा नाही, नवा हरवला तर तोच कामाला येतो. मामाला दम देताना तिचा स्वर हुबेहूब तुमचा होता.

आता डॉक्टर म्हणतात जबडा छान पुढे आलाय. पुढे काही महिने चिकटवलेल्या तारा, आणि मग रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायची प्लेट. दात हलल्यावर भोवतालच्या तंतूंना नव्या जागी स्थिरावायला बराच काळ लागतो, म्हणून तोही नेमाने वापरायचा, हे तिला तुम्ही आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे मला काही बोलावं लागणार नाही.

तिने एक निरोप दिलाय: रिटेनरचं अ‍ॅक्रिलिक जांभळ्या रंगात मिळतं का, आणि त्यात चमकी घालता येते का, तेवढं लॅबमध्ये विचारून ठेवा. उत्तर मला नको, थेट तिलाच सांगा.

मनापासून आभार.

तुमची,
एका ट्विन ब्लॉकवालीची आई