छायागीतचं नाणं निघालं पाहिजे, आणि ते सुट्ट्या पैशात मिळालं पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई दूरदर्शनवर गुरुवारी संध्याकाळी लागायच्या त्या 'छायागीत' या सिनेमाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं एक स्मारक नाणं सरकारने काढावं, एवढं एकच मागणं घेऊन हे पत्र लिहितोय. मागणं नवलाचं वाटेल म्हणून आधीच सांगतो, कार्यक्रमावर नाणं निघत नाही असं काही नाहीये, २०२३ ला 'मन की बात'चे १०० भाग झाले तेव्हा १०० रुपयांचं नाणं निघालं, त्यावर मायक्रोफोन आहे. तो कार्यक्रम आकाशवाणीचा आणि छायागीत दूरदर्शनचं, दोन्ही घरं प्रसार भारतीचीच. गाण्याबजावण्याचं म्हणाल तर एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या जन्मशताब्दीला नाणं निघालंच की. तिकडे ब्रिटनमध्ये २०२० ला तिथल्या टांकसाळीने, रॉयल मिंटने, क्वीन बँडचं नाणं काढलं, त्यातला फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीत शाळेला होता.

पण मला १०० रुपयाचं, नुसतं जपून ठेवायला डबीत विकतात तसलं नाणं नकोय. तसलं एक मी दुकानात बघायला गेलो होतो, दुकानदाराने डबी काचेवर ठेवली पण हातात काही दिली नाही. त्याचं बरोबर असेल, बोटांचे डाग पडतात, पण छायागीत हे असं लांबून बघायचं प्रकरण कधीच नव्हतं हो. आमच्या गिरगावातल्या चाळीत अख्ख्या मजल्यावर एकच टीव्ही होता, लाकडी खोक्यातला, दोन बाजूंना सरकणारी शटरं आणि त्याला छोटं कुलूप. गुरुवारी ते कुलूप उघडायच्या आधीच पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली असायची, मागे बाया, त्यांच्या मागे दारात पुरुष, आणि बाहेर गॅलरीत चपलांचा हा ढीग. ज्यांचा टीव्ही त्या काकू दर गुरुवारी सतरंजी घालायच्या, आणि एवढ्या वर्षांत एकदाही कोणाला आज नको असं म्हणाल्या नाहीत. मधेच 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी आली की कोणीतरी गच्चीवर अँटेना हलवायला पळायचं, खरं तर अँटेनाचा काही संबंध नसायचा. रंगीत सिनेमातली गाणीसुद्धा आम्हाला काळी-पांढरीच दिसायची. एका गाण्यातली साडी मी कित्येक वर्षं मनात पांढरी धरून चाललो होतो, मॅटिनीला तो सिनेमा बघितला तेव्हा कळलं ती पिवळीधमक आहे.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. गुरुवारची संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून ड्युटी बदलून घ्यायचे. त्यांना वेगळं नाणं दिसलं की ते बाजूला काढायची सवय, त्याच्या बदल्यात आपल्या खिशातले पैसे बॅगेत टाकून हिशेब पुरा करायचे. त्यांच्या डब्यातले १९८२ च्या एशियाडचे चार आणे आज माझ्याकडे आहेत, जंतरमंतर आणि वर सूर्य, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. हेच ते एशियाड ज्याच्यामुळे टीव्ही रंगीत झाला. २०११ ला चार आणे चलनातून गेले, पण हे नाणं त्याआधी किती हातांतून आलं असेल, भाजीवाली, गिरणीतला कामगार, शाळेतलं पोर, सगळ्यांच्या खिशात राहून मग ते एका बसमधे वडलांच्या तळहातावर पडलं. मला छायागीतचं नाणं असं हवंय.

आणि हे होऊ शकतं. १९९९ ला शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं आणि ज्ञानेश्वर माऊलींचं एक रुपयाचं नाणं आलं, पुढे लोकमान्य टिळकांचं पाच रुपयाचं, ही सगळी आपण दुकानात दिली-घेतलीत. २०२२ ला अमृत महोत्सवाची एक ते वीस रुपयांची मालिका तर मुद्दाम चलनासाठीच काढली. तेव्हा छायागीतचं दहा नाहीतर वीस रुपयाचं नाणं काढायला अडचण यायला नको. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पन्नाशी होऊन गेली, ती संधी हुकली. २०३२ ला साठ वर्षं होतील, तेव्हा तरी व्हावं, आणि त्याचा प्रस्ताव प्रसार भारतीने अर्थ मंत्रालयाकडे आत्तापासून लावून धरावा.

नाण्यावर एखाद्या नटनटीचा चेहरा घालू नये असं मला फार मनापासून वाटतं. अर्धी उघडलेली शटरं आणि त्याच्यासमोर पाठमोरी बसलेली माणसं, एखादं पोर कोणाच्या तरी खांद्यावर, एवढंच असावं. आणि ते पाडावं फोर्टातल्या आपल्या टांकसाळीतच. वरळीच्या स्टुडिओतला कार्यक्रम आहे, त्यामुळे सालाखाली मुंबईची ती बारीक शंकरपाळीसारखी खूण दिसलीच पाहिजे.

आपला नम्र,
एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई