विषय : मेमरी कार्डाच्या पाकिटावरचा '२०० एमबी प्रति सेकंद' हा वेग कॅमेऱ्यात मिळत नाही, रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि व्यवस्थापन,

'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनकडून आला. तक्रार सुटलेली नाही. हे पत्र पुन्हा त्याच हेल्पलाइनकडे ढकलू नका, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या हाती द्या.

मी फोंड्याला राहते. लग्नं आणि देवळांचे उत्सव टिपणं हा माझा व्यवसाय आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सेकंदाला १० फ्रेम घेणारा. १४ बिट रॉ काढते, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल. अशी एक फाइल साधारण २८ एमबीची होते. हे सगळं मी कार्ड घेण्याआधी तुमच्या हेल्पलाइनवर सांगितलं होतं आणि रॉ बर्स्टसाठी, म्हणजे एकामागून एक सलग रॉ फ्रेम काढण्यासाठी, तुमच्यापैकी कोणतं कार्ड घेऊ असं सरळ विचारलं होतं. '२०० वालं घ्या मॅडम, फोटोसाठी त्याच्यावर काही लागत नाही,' हे उत्तर तुमच्या माणसाचं. हा वाचण्याचा वेग आहे की लिहिण्याचा, असंही मी विचारलं. तो म्हणाला, 'दोन्ही तोच.' त्या भरवशावर पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या दुकानातून १२८ जीबीचं कार्ड घेतलं. दुकानदाराबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने मी मागितलेलं सीलबंद पाकीट दिलं, पावती दिली.

आता त्या पाकिटाबद्दल. तुम्ही कार्डं बनवता, त्यामुळे यातलं काही तुम्हाला नवीन नसणार. कार्ड यूएचएस-१ आहे. त्या बसची, म्हणजे कार्डातून डेटा ये-जा करण्याच्या वाटेची, मर्यादाच १०४ एमबी प्रति सेकंद. २०० हा आकडा फक्त वाचण्याचा, तोही तुमचाच खास रीडर कॉम्प्युटरला लावला तर. कॅमेऱ्याला तो वेग कधीच मिळणार नाही, कारण कॅमेरा तुमची ती खास पद्धत वापरत नाही. आणि रॉ काढताना कॅमेरा कार्डावर लिहीत असतो, वाचत नसतो. लिहिण्याबद्दल कार्डावर एकच हमी आहे, व्ही३०, म्हणजे सलग लिहिताना किमान ३० एमबी प्रति सेकंद. ती अक्षरं कोपऱ्यात, नखाएवढी. २०० मात्र सोनेरी रंगात, हातभर लांबून वाचता येईल असा. लिहिण्याचा वेग आकड्यात पाकिटावर कुठेच नाही, मागच्या बाजूलाही नाही.

माझ्या कॅमेऱ्यात हे कार्ड सेकंदाला ७० एमबीच्या आसपास लिहितं. सुमारे ४० फ्रेमनंतर बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा, भरतो. म्हणजे ११०० एमबीच्या वर डेटा अडकून पडतो आणि तो रिकामा व्हायला सोळा सेकंद जातात. तोवर लाल दिवा लुकलुकत राहतो, शटर दाबलं तर अडखळत एखादी फ्रेम निघते.

हे मला कुठे कळलं तेही सांगते. माशेलचा चिखलकालो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात. अंगाला तेल लावलेली माणसं पावसात चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात, लहान पोरं खांद्यावरून उड्या घेतात. वर पांढरंफेक आभाळ, खाली काळपट-तांबडा चिखल आणि त्याच रंगाची अंगं. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या लहान फोटो फाइलीत, एका रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावरचे डोळे आणि हसू त्या अंधाऱ्या भागातून वर काढायचं तर रॉला पर्याय नाही. सगळे हात धरून एकदम चिखलात पडले तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावर लाल दिवा होता. शेजारी माझ्या मित्राने तसाच कॅमेरा धरला होता, कार्ड त्याहून वेगवान बसचं, यूएचएस-२, मागे पिनांच्या दोन ओळी असलेलं. त्याचा बफर सात-आठ सेकंदांत मोकळा व्हायचा. त्याला ते चित्र मिळालं. माझ्या कॅमेऱ्याचा स्लॉटही यूएचएस-२ आहे. तुमच्या कंपनीची यूएचएस-२, व्ही६० कार्डं बाजारात आहेत. मी विचारत होते तेव्हा त्यांचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

लग्नात तर याहून वाईट. लग्नाला मी दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी रॉ लिहिते, कारण एक कार्ड बिघडलं तर मुहूर्त पुन्हा लावता येत नाही. अशा वेळी सगळ्या कॅमेऱ्याचा वेग सावकाश कार्डाइतकाच राहतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वधू मान वर करते, हे सगळं मोजक्या सेकंदांत होऊन जातं. तिथे 'कार्ड लिहितंय, थोडं थांबा' असं मी भटजींना सांगू?

आता कालचा फोन. तो मी मुद्दाम जसाच्या तसा लिहिते आहे. तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असेलच, ताडून पाहा.

मराठीसाठी आकडा दाबला. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकली, तिच्यातही २०० होताच. मग एक गृहस्थ आले. तक्रार क्रमांक दिला, तरी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. म्हणाले, कार्ड फॉरमॅट करा. म्हटलं, कॅमेऱ्यातच केलंय, प्रत्येक कामाआधी करते. म्हणाले, इंटरनेटचा स्पीड तपासा. म्हटलं, कॅमेऱ्याला इंटरनेट नाही. म्हणाले, मोबाइलमध्ये घालून बघा. हे मोठं एसडी कार्ड आहे, ते मोबाइलमध्ये जातच नाही. मग त्यांनी विचारलं, 'रॉ म्हणजे काय?' मी समजावलं. शांतपणे समजावलं, हेही रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल. त्यावर ते म्हणाले, 'मग मॅडम, तुम्ही जेपीईजीमध्ये काढा ना. फाइल लहान, प्रॉब्लेम खतम.' मी म्हटलं, मी कार्डाबद्दल विचारते आहे, फोटो कसे काढायचे ते नाही. क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'घरात कोणी टेक्निकल आहे का? सर असतील तर सरांना फोन द्या, त्यांना समजावतो.'

कोणते सर? कॅमेरा माझा, कार्ड माझ्या नावावर, व्यवसाय माझा, पावती माझी. ज्यांना रॉ ठाऊक नव्हतं, ते माझ्या घरातल्या पुरुषाला काय समजावणार होते? मी वरिष्ठांना जोडायला सांगितलं. वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी कागद वाचून दाखवला : 'सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत कार्डात दोष आढळला नाही.' तपासणी कशी केली, असं विचारलं. तर तुमच्याच रीडरमध्ये घालून, कार्डावरून फाइल कॉपी करून. म्हणजे वाचून! तक्रार लिहिण्याच्या वेगाची, आणि तपासलं काय तर वाचणं. वर सल्ला, 'तुम्ही आमचं ए२ मायक्रो कार्ड घ्या, ॲडॉप्टर सोबत येतो.' ए२ ही मोबाइलमधल्या ॲपसाठीची खूण आहे. सलग येणाऱ्या रॉ फाइलींना तिचा काय उपयोग, हे त्या बाईंना विचारलं तेव्हा फोन ठेवला गेला. त्यानंतर तो 'सोडवण्यात आली' चा मेसेज.

मला याचा राग आहे आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. शिकत होते तेव्हापासून तुमचीच कार्डं वापरली. तुमचं ८ जीबीचं जुनं कार्ड अजून माझ्या पिशवीत आहे, अजून चालतं. गावातली नवीन मुलं कॅमेरा घेतात तेव्हा कार्ड कोणतं घेऊ असं मला विचारतात आणि मी वर्षानुवर्षं तुमचंच नाव सांगत आले. आता त्यांना सांगते, पाकिटावरचा मोठा आकडा सोडा, व्ही पुढचा आकडा वाचा, पिनांच्या ओळी मोजा, आणि लिहिण्याचा वेग छापलेलाच नसेल तर पाकीट परत ठेवा.

मला पावतीवरची पूर्ण रक्कम परत हवी आहे. बदली कार्ड नको. फोनवर जे बोललं गेलं त्याबद्दल लेखी माफी हवी. आणि लिहिण्याचा वेग पाकिटावर वाचण्याच्या वेगाइतक्याच मोठ्या अक्षरांत कधीपासून छापणार, याचं लेखी उत्तर हवं. पुन्हा सांगते, मी विकत घेण्याआधी विचारलं होतं आणि 'दोन्ही तोच' असं मला सांगितलं गेलं होतं.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाईन. तुमचं मुख्यालय कुठेही असो, राहत्या जिल्ह्यात दावा लावायची मुभा हा कायदा देतो, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्कही पडत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करीन, सोबत त्या सोनेरी २०० चा फोटो जोडून. तो रॉमध्येच काढला आहे.

पावतीची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि बफर रिकामा होतानाचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. कार्ड माझ्याकडे आहे. रक्कम जमा झाल्यावर कुरियर पाठवा, खर्च तुमचा.

फोंडा, गोवा
(सही)