गम्बो आणि नागरी हक्क

महोदय,
खाद्यपुरवणीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या लीआ चेस यांच्यावर एकदा जरूर लिहावे. या क्रिओल (तिथल्या मिश्रवंशीय समाजातील) सुगरणीने सासरच्या सँडविचच्या दुकानाचे, ‘डूकी चेस’चे, रेस्टॉरंट केले, कृष्णवर्णीयांनाही मानाने, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवता यावे म्हणून. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र जेवणे बेकायदा होते, त्या काळात तिथे माडीवर दोघांच्या एकत्र बैठका होत, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याची आखणी होई आणि लीआबाई सर्वांना गम्बो, म्हणजे तिथला दाट रस्सा, वाढत. केवढे धाडस! २००५च्या कतरिना वादळात रेस्टॉरंट पाण्यात गेले, तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. त्यांनी ते पुन्हा उभे केले. २०१९मध्ये त्या गेल्या. ईस्टरआधीच्या गुरुवारी त्या अनेक पालेभाज्यांचा गम्बो करीत. भाज्यांची संख्या विषमच हवी. त्यात मांस असते खरे, तरी मला आपली ऋषीपंचमीची भाजी आठवली.

– एक वाचक, मिरज