मंत्रिमहोदय, पंख्याचे सर्किट आम्हाला उघडून द्या

प्रति,
मा. ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी सोलापूरचा. कामावरून घरी आलो की मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची कांडी घेऊन बसतो. गल्लीतले बंद पडलेले एलईडी बल्ब, मिक्सर, टीव्हीचे किट माझ्याकडे येते. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर माझे टेबल चालते. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे टाकी भरून वाहिलेली परवडत नाही. म्हणून जुन्या मोबाइलचा चार्जर आणि एक बझर वापरून टाकीला भोंगा केला आहे. यातले काहीच अवघड नाही. पण दिवसेंदिवस हे कठीण होत चालले आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र.

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशींचा पंखा बंद पडला. त्या घरी टॉवेलच्या कडा शिवतात. पारा चाळिशीपार गेलेला, शिलाई मशीन पत्र्याखाली. पंखा नवा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी, म्हणजे ज्याची मोटर आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड फिरवतो तो. वॉरंटी नुकतीच संपली होती. सर्व्हिस सेंटरने सांगितले की बोर्ड मिळत नाही, नवा पंखा घ्या. मी उघडून पाहिला. मोटरच्या तीन वायरी दोन-दोन करून मोजल्या, तिन्ही जोड्यांत रोध सारखाच. वाइंडिंग शाबूत, बेअरिंग मोकळे. मेला होता तो फक्त तळहाताएवढा बोर्ड. तोही काळ्या रेझिनमध्ये बुडवलेला, आयसीवरचा नंबर घासून काढलेला. चांगली तांब्याची मोटर हातात घेऊन मी मावशींना 'होत नाही' म्हणालो.

साध्या पंख्यात असे झाले नसते. तो मंद फिरू लागला की नव्या पेठेतून अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणायचा, दोन वायरी जोडायच्या आणि झाले. छताच्या पंख्यांना वीजबचतीचे स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सरकारनेच सक्तीचे केले. वीज वाचते, ते योग्यच आहे. जिथे जुना पंखा पाऊणशे वॉट घेतो तिथे हा बीएलडीसी तिसाच्या आसपास घेतो. पण तो चार उन्हाळ्यांत भंगारात गेला तर गरिबाच्या बिलात वाचलेले पैसे नव्या पंख्यातच जातात.

सोलापूरला हे पटकन कळेल, कारण आमचे साधे यंत्रमाग वर्षानुवर्षे चालत आले आहेत. मागाचा कुठला भाग झिजला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तो ओळखतो, सुटा भाग बाजारात मिळतो, नाहीतर लेथवाला बनवून देतो. मागाच्या कारखानदाराला विचारायला जावे लागत नाही. पूर्वी रेडिओच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. ती पद्धत बंद का पडली, याचे पटणारे कारण मला कुणी दिलेले नाही.

आपल्या खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे पोर्टलही सुरू केले. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकावरचा अहवाल आला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, हत्यारे, वस्तू किती सहज उघडते, हे सगळे त्यात मोजायचे आहे. अहवालाबद्दल मनापासून आभार. मात्र सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून आहे. माझी विनंती अशी की पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि टीव्ही यांचे बोर्डही त्यात लवकर घ्या. आणि सर्किटचा नकाशा व सुटा बोर्ड फक्त अधिकृत केंद्राला नको. पेठेतल्या कारागिराला, आयटीआयच्या पोराला आणि मावशींनाही तो त्याच भावात विकत मिळाला पाहिजे.

कंपन्या सुरक्षिततेचे कारण पुढे करतात. धोका खराच आहे. २३० व्होल्टच्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा कंडेन्सरच, प्लग काढल्यावरही सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट धरून बसतो, आणि लॅपटॉपचा लिथियम सेल चुकून टोचला तर पेट घेऊ शकतो. पण नकाशा नसला म्हणून कुणी उघडायचे थांबत नाही, अंदाजाने उघडतो. कपॅसिटर कुठे आहे आणि तो कसा रिकामा करायचा, हे कागदावर असेल तर हात वाचतील.

ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत वस्तूंचे प्रकार २१ वरून १०६ झाले. गोळा करून वितळवण्याची व्यवस्था हवीच. मात्र मावशींचा पंखा मुळात कचरा नव्हता.

नियमांचा मसुदा कराल तेव्हा हरकती-सूचना मराठीतूनही मागवा. आणि एक सुनावणी सोलापुरात घ्या. रेझिनमधला तो बोर्ड मी जपून ठेवला आहे. आपल्या अधिकाऱ्यांसमोर टेबलावर ठेवीन.

आपला नम्र,
एक सोलापूरकर